चार घासांचा हिशेब

दहा हजार येन मोजून आम्हीं एक सँडविच विकत घेतलें, ही गोष्ट घरीं सांगावी कीं सांगूं नये, याचा विचार टोकियोहून मुंबईस येईपर्यंत आम्ही विमानांत करीत होतों. त्या दिवशींच्या भावानें हे सुमारें पावणेसहा हजार रुपये होतात. दोन माणसांच्या आमच्या घराचें महिन्याचें वाणसामान तेवढ्यांत येतें आणि वर थोडी मोड उरते. रक्कम लपविण्यासारखी होतीच. परंतु लपविण्यासारखी दुसरीही एक गोष्ट होती. तें सँडविच गोमांसाचें होतें. महाराष्ट्रांत २०१५ पासून गाईबरोबर बैल व वळू यांच्याही वधास कायद्याची बंदी आहे; पण त्या कायद्याच्या पुष्कळ आधींपासून आमच्या माजघराची बंदी चालत आली आहे, आणि तिच्यावर अपील नाहीं. परमुलखांत गेल्यावर पानांत पडेल तें खावें हा प्रघात आम्हीं स्वतः पुष्कळ वर्षांपूर्वीं पत्करला. घरच्या मंडळींनीं तो पत्करलेला नाहीं, व आम्हींही त्यांना तसा आग्रह कधीं केलेला नाहीं. ज्या वाचकांस हा विषयच रुचणार नाहीं त्यांनीं खुशाल पान उलटावें. आम्हांस राग येणार नाहीं. धर्माधर्माचा निवाडा करण्यासाठीं ही लेखणी उचललेली नाहीं. प्रश्न इतकाच आहे कीं, चार घासांच्या पदार्थास एवढी किंमत द्यावी काय?

आमचा भाचा टोकियोंत नोकरीस असून निशि-कासाई भागांत राहतो. तेथें आपल्या देशांतील मंडळींची इतकी वस्ती आहे कीं, तुरीची डाळ व हिंग यांसाठीं कोणास हळहळावें लागत नाहीं. आमच्या मुक्कामांत त्यानें आम्हांस देवळें दाखविलीं, बागा दाखविल्या, आणि निघण्यास दोन दिवस उरले तेव्हां म्हणाला, "मामा, एकदां वाग्यूचा सांदो खाऊन पाहा. मग मला वेड्यांत काढायचें तर काढा." सांदो म्हणजे सँडविच. परक्या शब्दाची शेंडी छाटून त्याला घरचा करून घेण्यांत जपानी लोक मोठे तरबेज आहेत.

दुकान एका अरुंद गल्लींत होतें. आंत सहा माणसें दाटीनें बसतील एवढी लांकडी फळी, फळीपलीकडे आचारी, आणि भिंतीवर एक पाटी. आचाऱ्यानें पाठीच्या कण्यालगतचा, दोन बोटें जाडीचा मांसाचा तुकडा काढला. मांस म्हटल्यावर जो लाल रंग डोळ्यांपुढें येतो तो त्यांत फारसा नव्हताच. फिक्या गुलाबी रंगावर पांढऱ्या शिरांची बारीक जाळी पसरलेली होती. पीठ, अंडें व पावाचा भरड चुरा यांचे थर देऊन त्यानें तो तेलांत सोडला. तळणाचें काम दोन मिनिटांत आटोपलें. नंतर पांच मिनिटें तो तुकडा जाळीवर नुसता पडून होता. इकडे दुधाच्या पावाचे दोन काप भाजून झाले, त्यांस आंबटगोड सॉस लागला, मध्यें मांस बसलें, चारी कडा सुरीनें उडविल्या गेल्या, आणि त्या चौकोनाचे चार तुकडे कापलेली बाजू वर करून खोक्यांत मांडले गेले. सराफानें मखमलीवर कुडीं मांडावीं, तशी ती मांडणी. सगळा कारभार पंधरा-वीस मिनिटांचा. पैसे भाचा देऊं लागला. पण भाच्याच्या पगारावर मामानें चैन करावी हें आपल्या रीतीस धरून नाहीं, म्हणून आम्हींच पाकीट काढलें, आणि काढल्यावर क्षणभर पस्तावलों.

मांस जाळीवर विसावलें होतें त्या पांच मिनिटांत भाच्यानें आम्हांस भिंतीवरची पाटी वाचून दाखविली. तिच्यावर प्रांताचें नांव होतें, मांसाची प्रत होती, आणि खालीं दहा आंकड्यांचा एक क्रमांक होता. २००१ सालीं जपानांत गुरांच्या मेंदूचा तो भयंकर रोग आढळला, लोकांचा मांसावरील विश्वास उडाला, आणि २००३ सालीं कायदा होऊन देशांतील प्रत्येक गुरास असा क्रमांक मिळाला. कानांतल्या बिल्ल्यापासून कसायाच्या दुकानापर्यंत तो त्या जनावराची पाठ सोडीत नाहीं, आणि कोणीही तो सरकारी यादींत घालून पाहूं शकतो. भाच्यानें आपल्या मोबाईलवर तो घातला. जनावर काळ्या जातीचें, खच्ची केलेला नर. जन्म कागोशिमा प्रांतांत. आईचा क्रमांक अमुक. नऊ महिन्यांचें असतांना दुसऱ्या प्रांतांतील गोठ्यांत रवानगी. आणि वयाच्या एकोणतिसाव्या महिन्यांत शेवट. पाटीवर नांव होतें तें त्या दुसऱ्या प्रांताचें. कारण जनावर जेथें अधिक काळ वाढलें तेथलें नांव मांसास लागतें. जन्म माहेरचा आणि नांव सासरचें, हा न्याय तेथें बैलासही लागू आहे.

हा जन्मदाखला ऐकून आमची भूक थोडी मंदावली हें कबूल केलें पाहिजे. आमच्या आजोळीं खिलारी बैलांची एक जोडी होती, आणि पोळ्याच्या दिवशीं त्यांचीं शिंगें रंगविण्याचें काम आम्हां मुलांकडे असे. त्या जोडीचीं नांवें आम्हांस अद्याप आठवतात; जन्मतारीख मात्र कोणासच ठाऊक नव्हती. येथें यादींत तारीख होती आणि नांव नव्हतें.

गंमत अशी कीं, हा वाग्यूदेखील मूळचा नांगराचाच बैल. 'वा' म्हणजे जपानी व 'ग्यू' म्हणजे गुरें. एवढाच त्या शब्दाचा अर्थ, आणि त्यांत चार जाती येतात. इ. स. ६७५ मध्यें सम्राट् तेम्मु यानें वर्षांतील कांहीं महिने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचें मांस खाण्यास मनाई केली, आणि पुढें कित्येक शतकें बौद्ध धर्माच्या वळणानें जपानी माणूस गोमांसापासून सामान्यतः दूरच राहिला. १८७२ सालीं सम्राट् मेइजी यानें तें खाल्ल्याचें जाहीर झालें, तेव्हां कोठें तो राजमान्य आहार ठरला. तोंवर ह्या बैलांनीं भातखाचरें नांगरलीं आणि ओझीं वाहिलीं. डोंगराळ ताजिमा भागांतील काळ्या गुरांचा विशेष असा कीं, त्यांच्या स्नायूंतच चरबीचे धागे विणलेले असत. १९३९ सालीं त्या भागांत जन्मलेला ताजिरी नांवाचा एक वळू इतका गुणी निघाला कीं, आजच्या काळ्या जातीच्या जवळजवळ सर्व गाईंच्या वंशावळींत तो पूर्वज म्हणून सांपडतो. पुढें नांगर यंत्राकडे गेला आणि बैल ताटांत आला. आमच्या खिलाऱ्याचीही मोट गेली, नांगरही पुष्कळ ठिकाणीं गेला. त्याला शर्यतीखेरीज दुसरी नोकरी अजून मिळालेली नाहीं, एवढाच काय तो फरक.

आतां किंमतीकडे वळूं. ती किंमत सर्वस्वी सोंग आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. नऊ महिन्यांचें वासरूच लिलावांत कित्येक लाख येनांस जातें. पुढें वीस महिने त्यास मका, जव, कोंडा व भाताचा पेंढा घालावयाचा. ऐन भरांत तें दिवसास आठ-नऊ किलो खुराक खातें, आणि त्यांतील बरेंचसें धान्य समुद्रापलीकडून विकत आणावें लागतें. इतर देशांत गुरें ज्या वयांत बाजारांत जातात त्याच्यापुढें आणखी जवळजवळ वर्षभर हा खर्च चालू असतो. कोणी म्हणतात कीं, तेथें बैलांस बिअर पाजतात व त्यांचें अंग रगडतात. ह्या गोष्टी बहुतांशीं प्रवाशांच्या करमणुकीसाठीं आहेत. खरी मेहनत ह्याहून निरस असते. ती म्हणजे रोज पहांटे उठून एकाच जनावरानें काल किती खाल्लें व आज किती खाल्लें याचा ताळा पाहणें. ह्या मेहनतीचे पैसे मागितले तर ते द्यावे, असें आमचें मत आहे.

पण पाटीवरची प्रत पाहून जे पैसे मागितले जातात त्यांची गोष्ट निराळी. त्या पाटीवर 'ए पांच' असें लिहिलेलें होतें, आणि तें वाचतांना भाच्याचा स्वर किंचित् चढला होता. आम्हीं मागाहून चौकशी केली. मेलेल्या जनावराच्या सहाव्या व सातव्या बरगडीमध्यें छेद घेऊन परीक्षक प्रत ठरवितात. त्यांतील 'पांच' हा आंकडा चरबीची जाळी, मांसाचा रंग, घट्टपणा व चरबीचा रंग ह्या चार गोष्टींवरून मिळतो. पण 'ए' ह्या अक्षराचा चवीशीं कांहींएक संबंध नाहीं. एका धडापासून मांस किती निघेल, एवढेंच तें सांगतें. व्यापाऱ्यास तें अक्षर महत्त्वाचें. खाणारास तें कळून काय करावयाचें? शिवाय, गेल्या कांहीं वर्षांत पैदाशीची कला इतकी सुधारली आहे कीं, काळ्या जातीच्या खच्ची बैलांपैकीं निम्म्याहून अधिक आज ह्याच सर्वोच्च प्रतीचे ठरतात. वर्गांतील निम्मीं मुलें पहिलीं आलीं तर पहिल्या नंबराचें कौतुक किती करावें? सामान्य शिक्क्याला दुर्मिळतेचा भाव लागतो तो येथें. २०१८ सालीं न्यूयॉर्कमधील एका दुकानानें असेंच सँडविच १८० डॉलरांस विकावयास ठेवलें होतें. त्या रकमेंत मांस किती आणि बोलबाला किती, हें ज्यानें त्यानें ताडावें.

आणखीही एक गोष्ट त्या चौकशींत कळली. ती पाटीवर लिहिलेली नसते. चरबीची जाळी दाट व्हावी म्हणून पोसण्याच्या मधल्या कांहीं महिन्यांत जनावरास 'अ' जीवनसत्त्व बेतानेंच मिळेल असा खुराक देतात. भाताच्या पेंढ्याची आवड आहे ती केवळ परंपरेमुळें नव्हे. हिरव्या चाऱ्यांत तें सत्त्व असतें, वाळक्या पेंढ्यांत तें फारसें नसतें. जाणता शेतकरी हा बेत काट्यावर सांभाळतो, वेळींच थांबतो, आणि जनावरास कांहीं होत नाहीं. पण हात चुकला तर सांधे सुजतात आणि जनावर आंधळें होतें. ताटांतील त्या पांढऱ्या जाळीचें मोल कोणीतरी डोळ्यांनीं देण्याचा संभव असतो, हें वाचल्यापासून ती जाळी आमच्या मनांतून गेलेली नाहीं. हें आम्हीं आधीं वाचलें असतें तर फळीवर बसलों असतों कीं नाहीं, सांगवत नाहीं. परंतु आम्हीं नंतर वाचलें, आणि आधीं खाल्लें.

तें खाणें कसें होतें तेंही सांगितलें पाहिजे, नाहींतर हा लेख न खातांच निकाल देणाऱ्या न्यायाधीशाचा होईल. पहिला तुकडा अपूर्व होता. चुऱ्याचा थर दातांखालीं कुरकुरला, आणि त्याच्या आंतलें मांस चावण्याची गरज पडण्यापूर्वींच विरघळलें. ह्या जातीची चरबी थोड्याशा उष्णतेनें वितळते. म्हणून तोंडांत घट्ट, मेणचट असें कांहीं उरत नाहीं. किंचित् गोडवा होता, ताज्या कढविलेल्या लोण्यासारखा वास होता. आम्ही भाच्याकडे पाहिलें व त्याला वेड्यांत काढण्याचा हक्क सोडून दिला. दुसरा तुकडा आम्हीं उत्साहानें उचलला. अर्धा खाऊन झाला आणि हात आपोआप थांबला. पहिल्या घासाला जें सुख होतें तेंच आतां ओझें झालें. बासुंदीच्या पहिल्या वाटीला मागणारा हात तिसऱ्या वाटीला नको म्हणून आडवा होतो तसा हा प्रकार. फक्त येथें ती तिसरी वाटी दुसऱ्याच घासाला आली. ज्या मांसांत निम्म्याच्या आसपास चरबी, तें पुन्हां तेलांत तळलेलें, त्यावर गोड पाव! भाच्यानें आपले दोन तुकडे संपविले व पाण्याचा पेला उचलला. आम्हीं अर्धा तुकडा खोक्यांत ठेवून त्याच्याकडे सरकविला. तो म्हणाला, "नाहीं मामा, मलाही आतां जाणार नाहीं." तो अर्धा तुकडा तसाच राहिला.

वाटेंत आमचा वाद झाला. आमचें म्हणणें असें कीं, मांस चांगलें आहे पण तें सँडविचांत घालणें हीच चूक आहे. कटलेटचें सँडविच निघालें तें १९३५ सालीं, टोकियोच्या उएनो भागांतील एका डुकराच्या कटलेटच्या दुकानांत. शेजारच्या वस्तींतील गेशांच्या ओंठांचा रंग बिघडूं नये म्हणून तुकडे लहान, आणि मांस इतकें नरम कीं दातांनीं ओढावें लागूं नये. साध्या, स्वस्त मांसाला चुरा, तेल व सॉस यांनीं रूप दिलें, यांत शहाणपण होतें. ज्याला मुळांतच रूप आहे त्याला एवढा शृंगार कशाला? सॉसच्या आंबटगोड चवीखालीं ज्या नाजूक फरकासाठीं आपण दहापट पैसे मोजले तो फरकच बुजून जातो. श्रीखंडावर कोणी चटणी घालीत नाहीं.

भाच्याचें उत्तर आम्हांस अगदींच फेंटाळतां आलें नाहीं. तो म्हणाला, "मामा, ह्याच मांसाचें पुरतें जेवण घ्यायचें म्हटलें तर दुप्पट-तिप्पट पैसे लागतात. माझ्यासारख्याला तें कुठून परवडणार? हा सांदो म्हणजे थिएटरांतलें सर्वांत स्वस्त तिकीट. दूर बसावें लागतें, पण नाटक तेंच असतें." शिवाय वितळणारी चरबी ताटांत वाहून न जातां पाव ती टिपून घेतो, आणि मऊ मांसाला कुरकुरीत थराची जोड लागते, हेंही त्यानें दाखवून दिलें. युक्तिवाद चांगला होता. परंतु स्वस्त तिकीट म्हणून दहा हजार येन घेणारें थिएटर पाहून आम्हांस गप्प बसवेना.

दुसऱ्या दिवशीं त्यानेंच आम्हांस किचिजोजी भागांत नेलें. तेथें मांसाच्या दुकानांतून वाग्यूच्या कडेच्या व उरल्यासुरल्या तुकड्यांचा खिमा करून, त्यांत कांदा घालून, त्याचे चेंडूएवढे गोळे तळून विकतात. किंमत तीनशें-चारशें येन. लोक रांगेंत उभे राहतात, कागदांत गुंडाळलेला गोळा घेतात, आणि रस्त्याच्या कडेला फुंकर घालीत उभ्याउभ्या खातात. शाळकरी मुलें होतीं, पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या बायका होत्या. ज्या जनावराचा पाठीकडचा भाग फळीवर मखमलींत मांडला जातो त्याच जातीच्या जनावराचा हा गळ्याखांद्याचा भाग. तो वितळला नाहीं, चावावा लागला. परंतु कांद्याच्या गोडीबरोबर तोच लोण्याचा वास आला, आणि आम्हीं तो सबंध संपविला. एका सांदोच्या पैशांत असे पंचवीसांहून अधिक गोळे येतात, हा हिशेब करण्याचा मोह आम्हांस आवरला नाहीं.

तेव्हां आमचा निकाल असा. एकट्यानें खाण्यासाठीं दहा हजारांचें तें सँडविच त्या किंमतीचें नाहीं. पैसे असले तरीही नाहीं. त्याचा पहिला घास मोठ्या मोलाचा आहे, आणि चवथा घास फुकटही नको असतो. मग चारही घासांस सारखे अडीच हजार कां द्यावे? पण चौघांनीं मिळून एक घ्यावें, प्रत्येकानें एकेक तुकडा खावा, वर गरम चहा प्यावा आणि उठावें. मग प्रत्येकाच्या वांट्यास पहिलाच घास येतो, आणि जन्मांत एकदां तेवढे पैसे देण्यास हरकत नाहीं. हंगामाच्या आरंभीं पेटी फुटते तेव्हां आपल्याकडे पहिल्या हापुसाच्या फोडी घरांतील माणसें मोजूनच करतात. त्या वेळीं एकट्यानें अख्खा आंबा खाणारास आपण रसिक म्हणत नाहीं. राहिला प्रश्न त्या जनावराच्या डोळ्यांचा. त्याला मात्र ही वांटणी उत्तर देत नाहीं, आणि दिल्याचा आव आम्हीही आणीत नाहीं.

घरीं आल्यावर तिसऱ्या दिवशीं मंडळींनीं प्रवासखर्चाची वही तपासावयास घेतली. आम्हीं वहींत 'किरकोळ खाणें' असें लिहून पुढें रक्कम टाकली होती, आणि कां कोण जाणे, पाटीवरचा तो दहा आंकडी क्रमांकही शेजारीं टिपून ठेवला होता. आपल्याकडे दहा आंकडी क्रमांक म्हटला कीं तो एकाच गोष्टीचा असावयाचा. "हा फोन कोणाचा?" त्यांनीं विचारलें. विमानांत जुळवून ठेवलेलीं उत्तरें होतीं. त्यांतलें एकही त्या वेळीं तोंडांत आलें नाहीं. आम्हीं सर्व सांगितलें: गोठा, पेंढा, डोळे, रक्कम, सारें कांहीं.

मंडळींनीं वही मिटली. गोमांसाबद्दल त्या कांहीं बोलल्या नाहींत. रकमेबद्दलही बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें म्हणाल्या, "एवढें करून त्यांतला अर्धा तुकडा पानांत टाकलांत?"

आम्ही लहानपणापासून पानांत कांहीं टाकीत नाहीं. त्या आजोळच्या घरांत तो पहिला धडा होता. बैलानें नांगरलें, म्हणून ताटांत आलें, असें आजी सांगत असे. दहा हजारांचा हिशेब आम्हीं चुकता दिला. त्या अर्ध्या तुकड्याचा हिशेब अजून देतां आलेला नाहीं.